वाचकांचे प्रश्न : मणी, तार आणि खारी हवा

दागिने घरी करण्याच्या छंदाविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक किनारपट्टीवरच्या गावांमधून आलेली असल्यामुळे या वेळची जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार केवळ गावांची नावे छापली आहेत.

प्रश्न : मी नुकतीच शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले. हातांना काही उद्योग हवा म्हणून माळा आणि कानातली करायला शिकावे, असे मनात आहे. शेकडो मणी, हुक, कड्या आणि पकडी असलेले तयार संच विकत मिळतात. त्यांतील कोणता घ्यावा? (गुहागर)

कोणताही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा संचात चोवीस रंगांचे मणी असतात, पण एका रंगाचे मणी एका माळेलाही पुरत नाहीत. शिवाय कड्या इतक्या मऊ असतात, की दोनदा उघडल्या तर तिसऱ्या वेळी तुटतात. नवशिक्या माणसाला वाटते की आपलाच हात वाईट आहे, आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर जातो. माझा पहिला डबा तसाच गेला.

सुरुवातीला तीन पकडी पुरतात. पहिली गोल नाकाची, जिच्यावर तारेचा फासा वळवता येतो. दुसरी चपट्या नाकाची, जी धरण्यासाठी लागते. आणि तिसरी तार कापणारी. घरात वायरमनची पक्कड असली तरी ती या कामाला घेऊ नये, कारण तिच्या जबड्याला दाते असतात आणि मऊ तारेवर त्या दात्यांचे वण उमटतात. चपट्या पकडीचा जबडा आतून गुळगुळीत आहे ना, हे दुकानातच बोट फिरवून पाहावे. बोटांचे सांधे दुखत असतील तर पकडीच्या दांड्यांमध्ये स्प्रिंग असलेलीच पक्कड घ्यावी, म्हणजे ती प्रत्येक वेळी हाताने उघडावी लागत नाही.

तारेच्या बाबतीत एक गोंधळ आधीच टाळलेला बरा. तार ‘गेज’च्या आकड्याने विकली जाते आणि आकडा वाढला की तार बारीक होते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु गेजच्या पद्धती दोन आहेत, हे दुकानदार सांगत नाही. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीप्रमाणे २० गेजची तार सुमारे ०.९१ मिलिमीटर जाडीची असते, तर अमेरिकी पद्धतीप्रमाणे तीच ०.८१ मिलिमीटरची. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा पहिली पद्धत चालते आणि छंदाच्या साहित्यावर पुष्कळदा दुसरी छापलेली असते. फरक दहाव्या हिश्श्याचाच आहे, पण मण्याच्या भोकातून तार जाणे किंवा अडणे तेवढ्यावरच ठरते. म्हणून तार नेहमी मिलिमीटरमध्ये मागावी. कानातल्यांच्या फाशांसाठी ०.८ आणि बारीक गुंडाळकामासाठी ०.४ अशा दोन जाडींवर पहिले सहा महिने सहज निघतात.

सरावाची तार मात्र छंदाच्या दुकानातून आणण्याचे कारण नाही. पंपाची मोटर भरून देणारा कारागीर कोकणातल्या प्रत्येक बाजारपेठेच्या गावात असतो. त्याच्याकडे वाइंडिंगची तांब्याची तार वजनावर मिळते, जाडी अचूक असते, आणि तिच्यावर व्हार्निशसारखा पातळ लेप असल्यामुळे ती लवकर काळवंडतही नाही. ही तार हाताशी घेऊन पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट करावी : फासा. मण्यातून तार ओवल्यावर वर सुमारे एक सेंटिमीटर तार ठेवून ती कापावी, मण्याच्या अगदी माथ्यावर काटकोनात मोडावी, आणि तिचे टोक गोल पकडीत धरून मनगटाच्या एका वळशाने मागे फिरवावे. ३ मिलिमीटरच्या फाशाचा घेर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास होतो, म्हणून सेंटिमीटरभर तार. सगळे फासे सारखे यावेत यासाठी पकडीच्या नाकावर शाईने एक रेघ ओढून ठेवावी आणि दर वेळी तार त्याच रेघेवर धरावी. पन्नास फासे झाले की एक्कावन्नाव्यात आणि पहिल्यात काय फरक पडला, ते आपले आपल्याला दिसते.

फासा किंवा कडी उघडताना तिची टोके डावी-उजवीकडे फाकवू नयेत. एक टोक आपल्याकडे आणि दुसरे पलीकडे, असे दार ढकलल्यासारखे सरकवावे. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही, आणि त्या ओढाताणीत धातू कडक होऊन मोडतो.

मणी घेताना हिशेब करून घ्यावेत. गळ्याशी बसणारी माळ साधारण १६ इंचांची, म्हणजे ४०६ मिलिमीटरची असते. तिला ८ मिलिमीटरचे पन्नास, ६ मिलिमीटरचे सदुसष्ट-अडुसष्ट आणि ४ मिलिमीटरचे शंभर मणी लागतात. पहिल्या माळेसाठी ८ मिलिमीटरचे काचेचे मणी एकाच रंगात घ्यावेत आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते मण्यांत वाचवावेत, दोऱ्यात नव्हे. शिवणाच्या दोऱ्यात ओवलेली माझी पहिली माळ रत्नागिरीहून लांज्याला जाताना एसटीत तुटली आणि निम्मे मणी बाकांखाली गेले. काचेच्या मण्यांच्या भोकाची कड धारदार असते, ती सुती दोरा हळूहळू कापत राहते. अशा मण्यांसाठी बाजारात ‘गिअर वायर’ या नावाने मिळणारी, बारीक पोलादी तारांवर नायलॉनचे वेष्टन असलेली दोरी वापरावी. तिला गाठ मारत नाहीत. टोकाशी २ मिलिमीटरचा मऊ धातूचा मणी घालून, दोरी त्यातून परत आणून तो मणी पकडीने चेपतात. चेपण्याआधी माळेत एखाद्या मण्याएवढी ढील ठेवावी. ताठ ओढलेली माळ गळ्यावर बसत नाही, उभी राहते.

साहित्य मुंबईला भुलेश्वरात आणि पुण्याला रविवार पेठेत भरपूर मिळते. तिथे जाणे झाले तर आधी कागदावर लिहून न्यावे, नाहीतर पिशवीत मणी येतात आणि हुक विसरतात.

प्रश्न : मे महिन्यात मी पितळी मण्यांची आणि सोनेरी मुलाम्याच्या मण्यांची अशा दोन माळा केल्या. गणपतीत काढून पाहते तो एक काळपट-हिरवी झाली होती आणि दुसरीचा मुलामा ठिपक्याठिपक्यांनी उडाला होता. दुकानदाराने फसवले असे समजावे काय? (वेंगुर्ले)

तसे समजण्याआधी आपल्या हवेकडे पाहावे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यात हवेतली ओल त्या कणांत शोषली जाते आणि धातूच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर चढतो. त्यातला क्लोराइड तांब्यावर काम करतो आणि हिरवा कळक धरतो. देशावरच्या गावात हीच माळ अधिक काळ पिवळी राहिली असती. मुलाम्याचे म्हणाल, तर स्वस्त मण्यांवरचा सोनेरी थर अतिशय पातळ असतो, त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओल त्या छिद्रांतून आतल्या धातूपर्यंत पोहोचते. म्हणूनच ठिपके पडतात. घासून मुलामा गेला असता तर तो कडांवरून गेला असता.

चांदीचे काळे पडणे निराळे. ते हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे होते, आणि दमट हवेत ते लवकर होते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने म्हणूनच छंदाचे साहित्य निवडताना रंगाच्या आधी धातू पाहावा. हुक आणि कड्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात, आणि तिथेही ‘३०४’पेक्षा ‘३१६’ हा प्रकार मिळाला तर तो. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे तो खाऱ्या हवेत अधिक टिकतो. काच, दगड, लाकूड यांना वाऱ्याचे काही वाटत नाही. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा असतो.

बिघडलेली पितळी माळ वाचवता येईल. आपल्या आजीच्या पिढीने तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने किंवा बिमलांनी घासली, ती युक्ती इथेही चालते : आमसूल पाण्यात भिजवून त्या पाण्यात मणी पाच मिनिटे बुडवावेत, मऊ ब्रशने घासावेत, साध्या पाण्याने दोनदा धुवावेत आणि पूर्ण वाळवावेत. मात्र त्या माळेत एकही मोती किंवा शिंपल्याचा मणी असेल तर हे करू नये, कारण आंबट पदार्थ कॅल्शियम कार्बोनेट विरघळवतो आणि मोत्याची झळाळी एकदा गेली की परत येत नाही. मोती ओलसर मऊ कापडाने पुसावेत, एवढेच. चांदीला रिठ्याचे कोमट पाणी चांगले. फारच काळी झाली असेल आणि तिच्यात खडे-मोती नसतील, तर भांड्यात अॅल्युमिनियमचा कागद अंथरून त्यावर दागिना ठेवावा आणि खाण्याचा सोडा घातलेले कढत पाणी ओतावे. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जाते, थोडा कुजका वास येतो आणि चांदी उजळते.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, वेळी आपण डाळी-मसाले डब्यांत बंद करतो, त्याच वेळी दागिन्यांचीही व्यवस्था लावावी. प्रत्येक नग वेगळ्या, दाबून बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा काढून, आणि सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या नसतील तर फळ्यावरच्या खडूचे तुकडे. घामाने भिजलेली माळ तशीच आत ठेवू नये. आणखी एक गोष्ट, आपण विचारली नसली तरी : रेझिन ओतून पदके करण्याचा बेत असेल तर तो दिवाळीनंतर करावा. ऐन पावसात ओतलेले रेझिन पुष्कळदा वरून चिकट राहते किंवा दुधाळ होते.

प्रश्न : मुलांनी किनाऱ्यावरून शिंपले, कवड्या आणि परसातून गुंजा गोळा केल्या आहेत. त्यांना भोके पाडून माळा करता येतील का? भोके कशी पाडावीत? (मालवण)

आधी गुंजा बाजूला ठेवाव्यात, आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा या हिशेबाने सोनाराच्या ताजव्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले हे लाल-काळे बी दिसायला कितीही देखणे असले, तरी त्याच्या आत अॅब्रिन नावाचे अतिशय जहाल विष असते. टणक सालीमुळे ते आत बंद असते. भोक पाडताना नेमकी तीच साल फुटते, भुकटी उडते, आणि नंतर माळ तोंडात घालणाऱ्या लहान मुलाला धोका उरतोच. लाल मणी हवे असतील तर ते काचेचे घ्यावेत.

शिंपल्यांबाबत दोन गोष्टी. एक कायद्याची : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही जातींचे शंख संरक्षित आहेत, ते वाळूत मृत सापडले तरी उचलू नयेत. आपल्या गावाला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा त्याच्या हद्दीतून काहीच आणू नये. हद्दीबाहेरच्या किनाऱ्यावरचे, किंवा त्याहून सोपे म्हणजे घरी कालवणासाठी आणलेल्या तिसऱ्यांचे शिंपले वापरावेत. ते धुवून, ब्रशने घासून उन्हात वाळवावेत. व्हिनेगरमध्ये घालू नयेत, कारण मोत्यांविषयी वर सांगितलेलेच इथेही लागू आहे.

दुसरी गोष्ट भोकाची. खिळा ठोकून भोक पडत नाही, शिंपला फुटतो. हिरकणीची भुकटी लावलेले बारीक बिट, हळू फिरणारे हातड्रिल आणि ताटलीत शिंपला अर्धवट बुडेल एवढे पाणी, असे घेऊन हलक्या दाबाने काम करावे. पाण्यामुळे बिट तापत नाही आणि शिंपल्याची पूड उडत नाही. ही पूड फुप्फुसांना वाईट, म्हणून कोरड्या शिंपल्यावर ड्रिल चालवू नये. हे काम मोठ्यांचे. ओवण्याचे काम मुलांचे. विजेचे ड्रिल पाण्याजवळ नेऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.

मला विचाराल तर मुलांसाठी शिंपल्यांहून चांगली वस्तू आपल्या चुलीशेजारीच पडलेली असते, ती म्हणजे करवंटी. पूर्ण पिकलेल्या नारळाची, ३ ते ४ मिलिमीटर जाडीची करवंटी लाकडासारखी कापता येते, शिसवीसारखी झिलई घेते आणि खाऱ्या हवेला दाद देत नाही. बाहेरच्या शेंड्या सुरीने खरवडून काढाव्यात. रुपयाचे नाणे ठेवून पेन्सिलीने गोल आखावा आणि तुकडा कापण्याआधीच त्यात दीड-दोन मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे, कारण छोटा तुकडा नंतर धरायला हाताशी काही राहत नाही. मग बारीक दात्यांच्या करवतीच्या पात्याने आखणीच्या थोडे बाहेरून कापावे आणि कडा कानशीने गोल कराव्यात. यानंतरचे काम पॉलिश पेपरचे : ८० नंबर, मग १२०, २२०, ४०० आणि शेवटी ६००. मधला एखादा नंबर गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात. मुले इथेच घाई करतात, आणि त्यांना ती करू द्यावी, कारण ओरखडे दिसले की पुढचा तुकडा ती आपोआप नीट घासतात. धूळ बारीक असते, म्हणून तोंडाला रुमाल बांधून अंगणात बसावे. शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन तुकडा चोळला की आतला काळा-तपकिरी रंग वर येतो.

प्रश्न : घरच्या कार्यासाठी मला स्वतःच्या हाताने नथ करायची आहे. नाक टोचलेले नाही. शिवाय नकली कानातल्यांनी माझे कान चिघळतात, तर नथीने नाकाला त्रास होईल का? (दापोली)

कान चिघळतात याचे सर्वांत नेहमीचे कारण निकेल असते, आणि एकदा ही अॅलर्जी जडली की ती जात नाही. म्हणून नाकाला लागणारी तार ९२.५ टक्के चांदीची किंवा टायटॅनियमची असावी. मुलामा दिलेली तार चालणार नाही, कारण मुलामा झिजला की खालचा धातू कातडीला लागतो. नाक टोचलेले नसल्यामुळे आपल्याला चापाची, म्हणजे नाकपुडीला चिमट्यासारखी बसणारी, नथ करावी लागेल.

सांगाड्यासाठी ०.८ मिलिमीटरची तार घेऊन तिला नथीचा बाक द्यावा; बोटांनी न देता बाटलीच्या झाकणासारख्या गोल वस्तूवर दाबून दिला तर तो सुरेख येतो. मोती ०.३ मिलिमीटरच्या तारेने बांधावेत. मोत्यांची भोके लहान असतात आणि एकाच मोत्यातून तार दोनदा न्यावी लागते, त्यामुळे याहून जाड तार अडते. मधोमध लाल आणि हिरवा खडा, त्याभोवती ३ मिलिमीटरचे मोती आणि टोकाकडे लहान होत जाणारे, हा क्रम आधी कापडावर मांडून फोटो काढून ठेवावा. प्रत्येक मोत्यानंतर बारीक तार सांगाड्याभोवती दोनदा गुंडाळावी. पहिली नथ वाकडी होते, दुसरी जड होते. कार्याला दोन महिने असतील तर तिसरी घालता येईल. तारेचे कापलेले टोक नाकाच्या बाजूला राहू देऊ नये, ते मोत्याच्या भोकात खुपसून दडवावे.

प्रश्न : चांदीच्या साखळीला घरी डाग देता येईल का? बर्नर विकत मिळतो. (राजापूर)

पहिल्या वर्षी नको. डाग देणे, म्हणजे झाळणे, हे टाकणखार आणि ज्योत यांचे काम दिसायला सोपे असते. पण झाळ वितळण्याची उष्णता आणि साखळीच वितळण्याची उष्णता यांत अंतर थोडे असते आणि बारीक कडी क्षणात गोळी होते. शिवाय काही झाळांत कॅडमियम असते, त्याची वाफ विषारी आहे. सोन्यातले ‘केडीएम’ हे नाव त्या कॅडमियमवरूनच आले. पेठेतल्या सोनाराकडून डाग देऊन घ्यावा आणि तो काम करत असताना शेजारी बसून पाहावे.

प्रश्न : आजीची मोत्यांची माळ आहे. दोरा पिवळा पडून विरला आहे. ती मी घरी गाठवू शकेन का? (अलिबाग)

गाठवू शकाल, मात्र आधी स्वस्त मण्यांच्या दोन माळा गाठवून झाल्यावर. पूर्वी हे काम पटवेकरी करीत आणि आजही काही पेठांतून करतात. जवळ कोणी असेल तर अर्धा दिवस त्याच्या हाताकडे पाहत बसणे हे कोणत्याही पुस्तकाहून अधिक उपयोगाचे आहे. प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ असते, ती शोभेसाठी नव्हे. मोती मऊ असतात, एकमेकांवर घासून झिजतात. आणि दोरा तुटलाच तर एकच मोती निसटतो.

रेशमी दोरा माळेच्या लांबीच्या किमान चौपट घ्यावा आणि दुहेरी करून वापरावा. प्रत्येक मोत्यानंतर सैल गाठ घालून तिच्या फाशात सुई किंवा दाभण अडकवावे आणि त्याच्या टोकाने गाठ सरकवत मोत्याला भिडवावी. गाठ बसली की मग दाभण काढावे. गाठींमुळे माळ लांबते, हे लक्षात ठेवावे : ६ मिलिमीटरच्या साठ मोत्यांची माळ नुसती ओवली तर ३६ सेंटिमीटर भरते, आणि मिलिमीटरभर जाडीच्या गाठी धरल्या तर ४२. गाठ मोत्याच्या भोकात शिरत असेल तर दोरा बारीक आहे. ओल्या अंगावर किंवा पावसात ही माळ घालू नये, कारण ओला रेशमी दोरा ताणला जातो, आतून कुजतो आणि मोत्यांमध्ये फटी दिसू लागतात.

जुन्या माळेतले मोती बहुतेक वेळा सारखे नसतात. मधला सर्वांत मोठा आणि दोन्हीकडे उतरते असा त्यांचा क्रम कोणीतरी डोळ्यांनी लावलेला असतो. म्हणून जुना दोरा कापण्याआधी माळ टॉवेलच्या घडीत सरळ ठेवावी, फोटो काढावा, आणि मोती एका टोकाकडून एकेक करून, त्याच क्रमाने नव्या दोऱ्यावर उतरवावेत.